सेक्युअर चिपमध्ये एरर आली की काय व्हायला पाहिजे, ते कोडच्या आधी कसं ठरवायचं

मोबाईल स्टार्टर, ड्रिपचे ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह, ओल मोजणारे सेन्सर हे सगळं आता वावरावावरात दिसायला लागलं, आणि वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात म्हणा की यवतमाळच्या कापसाच्या गावांत म्हणा, शिकून गावी परत आलेली पोरं स्वतः बोर्ड बनवून असे डबे लावतात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यातले समजदार लोक मेन मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला एक सेक्युअर कोप्रोसेसर बसवतात, म्हणजे चावी त्या चिपच्या आतच राहते, सही आतच होते, आणि कोणी डबा खोलून फ्लॅश वाचली तरी हाती काही लागत नाही. इथपर्यंत छान. पण कोड पाहिला की सगळं नीट चाललं तर काय करायचं ते पानभर लिहिलेलं असतं, आणि चिपनं एरर दिली तर काय, तिथं एकच ओळ, रिटर्न मायनस वन. हे चालत नाही भाऊ, काहून का हल्ला करणारा माणूस बरोबर चाललेल्या रस्त्यानं येतच नाही, तो चिपला मुद्दाम चुकायला लावतो आणि मंग ती काय करते ते पाहत बसतो.

आणि आपल्या इकडे तर हल्ला करणारा नसला तरी चिप चुकतेच. थ्री फेज कधी रात्री येते, आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटरी एकदमच चालू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं, कधी एक फेज उडते, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्रीच्या वर गेलं की पत्र्याच्या पेटीत त्याच्याही वर जातं, पावसाळ्यात वीज कडाडते. आता लॅबमध्ये बसून चिप फोडणारे लोक काय करतात? पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खाली ओढतात, चिप तापवतात किंवा गार करतात, क्लॉक गडबडवतात. म्हणजे आपल्या वावरातला साधा मंगळवार आणि त्यांचा हल्ला, चिपला दोन्ही सारखेच दिसतात. चिपला हेतू कळत नाही, तिला फक्त व्होल्टेज कळतं. म्हणून कोणत्या एररला किती घाबरायचं, हे आपणच आधी बसून, कागदावर, ठरवून द्यावं लागतं.

सुरुवात एका तक्त्यानं करा. वही घ्या नाहीतर स्प्रेडशीट उघडा, पण कोड उघडू नका. प्रत्येक एररसाठी एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत तीन प्रश्नांची उत्तरं. या एररला चिप बाहेर काय सांगणार? आतल्या गुपितांचं काय होणार, म्हणजे सेशनची (एका वेळच्या बोलण्यापुरती) चावी, कायमची चावी, काउंटर? आणि परत कामावर कशी येणार, आपोआप की कोणाच्या परवानगीनं? ज्या ओळीत यातलं एकही उत्तर रिकामं राहिलं, तिथं फर्मवेअर लिहिणारा माणूस घाईत स्वतःच्या मनानं काहीतरी टाकून देतो, आणि भोक तिथंच पडतं.

आता एररचे प्रकार. सगळ्या एररला एकाच टोपल्यात टाकणं हीच सगळ्यात मोठी गल्लत. मी चार गट करतो. पहिला गट तारेवरचा, म्हणजे सीआरसी (मजकूर वाटेत बिघडला का ते सांगणारा तपासणीचा आकडा) जुळला नाही, उत्तरच आलं नाही, चिप झोपली होती. दुसरा, कमांडच चुकीची, लांबी चूक, स्लॉट चूक, त्या अवस्थेत ती कमांड चालतच नाही. तिसरा, नकार, सही जुळली नाही, पिन चुकला. चौथा, चिपच्या आतली खराबी, सेल्फ टेस्ट फेल, रँडम नंबरची हेल्थ टेस्ट फेल, मेमरीत गडबड, व्होल्टेजचा डिटेक्टर वाजला.

तिसऱ्या गटाबद्दल एक सांगतो, ती एरर नाहीच, ते चिपचं उत्तर आहे. सही खोटी आहे असं चिपनं सांगितलं तर तिनं आपलं काम चोख केलं. पण बऱ्याच कोडमध्ये एकच रिट्राय फंक्शन असतं आणि ते नकारालाही तीनदा विचारतं. तीनदा विचारलं म्हणजे हल्ला करणाऱ्याला तीन संधी दिल्या, आणि त्यातल्या एखाद्या वेळी व्होल्टेज नेमकं बसलं तर नकाराचा होकार व्हायचा.

उदाहरणासाठी मायक्रोचिपची एटीईसीसी६०८ घेऊ, लहान बोर्डांवर ही लय दिसते. ती साध्या उत्तराला ४ बाइट देते, पहिली लांबी, दुसरी स्टेटस, शेवटच्या दोन सीआरसी. स्टेटस हेक्स ०० म्हणजे काम झालं. हेक्स ०१ म्हणजे जुळलं नाही, हा तिसरा गट. ०३ म्हणजे कमांड समजलीच नाही, दुसरा गट. ०५ म्हणजे एलिप्टिक कर्व्हचं गणित करताना गडबड, ०७ सेल्फ टेस्ट, ०८ हेल्थ टेस्ट, हे चौथे. ०एफ म्हणजे कमांड समजली पण आत्ताच्या अवस्थेत करता येत नाही, हा दुसरा. ११ म्हणजे आत्ताच जागी झाली, ही एरर नव्हेच. ईई म्हणजे वॉचडॉगची, चिपला ठरल्या वेळानं झोपवणाऱ्या टायमरची, वेळ संपत आली, आणि एफएफ म्हणजे तुम्ही पाठवलेलंच तिच्यापर्यंत नीट पोचलं नाही, हे दोन्ही पहिल्या गटात. आता ०५ पाहा. डेटाशीट म्हणते पुन्हा केलं तर जमू शकतं, म्हणजे रिट्राय करायला मनाई नाही, पण गणितात गडबड होणं हेच तर फॉल्ट अटॅकचं, म्हणजे मुद्दाम चूक घडवून केलेल्या हल्ल्याचं, लक्षण. म्हणून माझ्या तक्त्यात ०५ ला एकच रिट्राय आहे, तोही पुरवठा स्थिर झाला का ते एडीसीवर (मायक्रोकंट्रोलरच्या व्होल्टेज मोजणाऱ्या भागावर) पाहून, आणि कायमच्या काउंटरमध्ये नोंद करून.

तारेवरच्या एररला रिट्राय करा, तीन वेळा पुरे, दर वेळी थांबायची वेळ वाढवत. पण इथं एक खाचखळगा आहे. उत्तराचा सीआरसी जुळला नाही म्हणजे कमांड झाली नाही असं नाही. कमांड आत होऊन गेली असेल आणि नुसतं उत्तर येताना खराब झालं असेल. जीएसएमचा मॉडेम टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो, त्याच रेलवर, म्हणजे पुरवठ्याच्या त्याच लाइनवर, चिप असेल तर नेमकं उत्तर वाचतानाच गडबड होते. अशा वेळी आंधळेपणानं कमांड परत पाठवली आणि ती काउंटर वाढवायची असली तर काउंटर दोनदा वाढला. नवीन चावी बनवायची असली तर आणखी वाईट, पहिली चावी पुसून दुसरी बनली, आणि सर्व्हरकडे पहिल्या चावीची पब्लिक की (सही तपासायची उघडी चावी) पोचली असेल तर तो डबा सर्व्हरसाठी अनोळखी झाला. मंग अडेगावला नाहीतर धारणीला गाडी काढा.

म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना घाला, ही कमांड दोनदा झाली तर चालतं का? चालत असेल तर बिनधास्त परत पाठवा. नसेल तर आधी उत्तरच परत वाचा, काहून का या चिपमध्ये आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर वर्ड ॲड्रेस ०० पाठवला की वाचायचा पॉइंटर बफरच्या सुरुवातीला येतो आणि चिप झोपली नसेल तर तेच उत्तर परत वाचता येतं, कमांड परत चालवावी लागत नाही. तेही जमलं नाही तर चिपला उठवा, काउंटर किंवा पब्लिक की वाचून पाहा की काम झालं होतं का, आणि मंगच ठरवा. हे सगळं साधारण १.३ सेकंदात उरकावं लागतं, नेहमीच्या सेटिंगला तिचा वॉचडॉग तेवढाच असतो, तो संपला की चिप स्वतःच झोपते आणि आतला तात्पुरता रजिस्टर, ज्याला ते टेम्पकी म्हणतात, पुसला जातो. म्हणजे नॉन्सपासून (एकदाच वापरायच्या आकड्यापासून) सगळं परत. यातही तुमच्या कोडनं अर्ध्यातून पुढं जायचा प्रयत्न करू नये, सरळ पहिल्या पायरीवर यावं, हेही तक्त्यातच लिहा.

आता बाहेर काय सांगायचं. डिबग करणाऱ्याला वाटतं सगळं सांगावं, पॅडिंग चुकलं की लांबी चुकली की सही चुकली. पण १९९८ साली डॅनिएल ब्लायशेनबाखर यांनी दाखवलं की आरएसए या पद्धतीतलं पॅडिंग, म्हणजे मजकुराला जोडलेली भर, बरोबर आहे की चूक एवढंच सर्व्हर सांगत असेल तर तेवढ्यावर, लाखो वेळा विचारून, गुप्त मजकूर काढता येतो. २००२ मध्ये सर्ज व्होडने यांनी सीबीसी मोडसाठी, म्हणजे मजकुराचे ठोकळे साखळीसारखे जोडून गुप्त करायच्या पद्धतीसाठी, तसंच दाखवलं. आणि १९९८ चंच ते दुखणं २०१७ मध्ये रोबोट नावानं परत मोठमोठ्या साइटवर सापडलं. एवढ्या वर्षांत लोकांना माहीत असूनही. म्हणून डिक्रिप्ट करणाऱ्या आणि सही तपासणाऱ्या कमांडला बाहेरून एकच एरर कोड ठेवा, आणि वेळही एकच ठेवा, लवकर चुकली तरी उत्तर तेवढ्याच वेळानं जाऊ द्या. खरं कारण आतल्या लॉगमध्ये लिहा आणि तो लॉग ओळख पटवल्याशिवाय वाचता येऊ देऊ नका.

याला अपवाद असतात. स्मार्ट कार्डाचं स्टँडर्ड, आयएसओ ७८१६, पिन चुकला तर ६३सी आणि पुढं उरलेल्या संधींचा आकडा असं उत्तर देतं, आणि संपल्या की ६९८३. हे मुद्दाम सांगितलं जातं, काहून का खऱ्या मालकाला किती संधी उरल्या ते कळलंच पाहिजे, आणि चोराला त्या आकड्यातून पिन कळत नाही. तर प्रत्येक ओळीसमोर स्वतःला विचारा, ही माहिती चोराच्या कामाची आहे का.

बाहेर जाणाऱ्या बफरची गोष्ट याच्याहून नाजूक. बोनेह, डेमिलो आणि लिप्टन या तिघांनी १९९७ च्या पेपरात दाखवलं की आरएसएची सही चायनीज रिमेंडर थिअरम (गणित लवकर उरकायची युक्ती) वापरून करताना गणितात एकदाच चूक झाली आणि ती चुकलेली सही बाहेर गेली, तर त्याच मजकुराची बरोबर सही आणि ही चुकलेली सही मिळून प्रायव्हेट की काढता येते, आणि आर्यन लेन्स्ट्रा यांनी दाखवलं की मजकूर माहीत असेल तर नुसती चुकलेली एकच सही पुरते. एक सही! म्हणून नियम असा लिहा की बफर सुरुवातीलाच शून्य करायचा, सही आत बनवायची, आतच तपासायची, आणि सगळं पास झाल्यावर अगदी शेवटी बफरमध्ये टाकायची. स्टेटसची सुरुवात नेहमी फेलपासून. आणि फेल-पासला ० आणि १ वापरू नका, एक बिट उलटला की खेळ खलास. ओपनटायटन या ओपन सोर्स सेक्युअर चिपच्या कोडमध्ये खरं म्हणजे हेक्स ७३९ आणि खोटं म्हणजे हेक्स १डी४ ठेवलंय, दोघांमध्ये ८ बिटांचा फरक, आणि दोन्हींपैकी काहीच नसेल तर ते आपोआप खराबी मानायचं. ही पद्धत उचलायला पैसे लागत नाहीत.

गुपितांचं काय करायचं यावर मात्र आपल्याकडच्या माणसाला स्वतःचं डोकं लावावं लागेल, बाहेरची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. आयबीएमचा ४७५८ हा बँकांमध्ये वापरला जाणारा कोप्रोसेसर, छेडछाड जाणवली की सगळ्या चाव्या पुसून टाकायचा. तिथं ते बरोबर, तो थंड खोलीत बसलेला, पहाऱ्यात, यूपीएसवर. तीच पॉलिसी विहिरीवरच्या डब्यात टाकली तर पहिल्याच वळवाच्या पावसात अर्ध्या गावाचे डबे मरतील, आणि शेतकरी काय म्हणेल ते मी ऐकलंय. एका काकाजींना मी चिपबद्दल समजावत होतो तर ते म्हणाले, "थे चिप-फिप मले काई समजत नाई, रात्री बारा वाजता लाइन येते, वावरात डुकरं रायतात, घरूनच मोटर चालू झाली पाह्यजे." त्यांचं बरोबर आहे. मोबाईल स्टार्टर घेतलाच त्याच्यासाठी.

तर पायऱ्या करा. ओपनटायटनमध्ये यासाठी हार्डवेअरचाच अलर्ट हँडलर आहे, अलर्टचे चार क्लास, प्रत्येक क्लासला काउंटर आणि टाइमआउट, आणि मर्यादा ओलांडली की चार टप्प्यांत वाढत जाणारी कारवाई, आधी प्रोसेसरला इंटरप्ट, मंग गुपितं पुसणं, मंग रीसेट, असं कॉन्फिगर करता येतं. तुमच्या चिपमध्ये तेवढं नसलं तरी कल्पना घ्या. माझा तक्ता साधारण असा असतो, चौथ्या गटातली कोणतीही एरर आली की रॅममधली सेशनची चावी लगेच पुसायची, त्यात विचार नाही, ती परत बनते. कायमची चावी पुसायची नाही, पण कुलूप लावायचं, म्हणजे सेल्फ टेस्ट पास होईपर्यंत त्या चावीनं सही होणार नाही. वारंवार आली तर कुलूप पक्कं, आणि सर्व्हरकडून सही केलेली परवानगी आल्याशिवाय निघणार नाही. त्या परवानगीची सही तपासायला लागणारी पब्लिक की या कुलपाच्या बाहेर ठेवा, नाहीतर परवानगी आली तरी तपासणार कोण. कायमची चावी पुसायची ती फक्त डब्याचं झाकण उघडल्याचा स्विच आणि आतली खराबी दोन्ही एकत्र आले तरच. वीज पडली तर झाकण उघडत नाही.

संधी मोजण्यात एक बारीक गोष्ट आहे. पिन तपासायच्या आधी काउंटर कमी करून कायमच्या मेमरीत लिहायचा आणि बरोबर निघाला तर परत भरायचा, हा जुना आणि बरोबर नियम, नाहीतर चोर चुकल्याचं कळताच लाईट कापतो आणि काउंटर कमीच होत नाही. पण आपल्याकडं लाईट स्वतःच कापली जाते, आणि खऱ्या मालकाची संधी फुकट जाते. टीपीएम २.० या कॉम्प्युटरमधल्या सेक्युअर चिपच्या स्टँडर्डमध्येही असंच आहे, नीट शटडाऊन न होता पुरवठा गेला तर काही परिस्थितीत तो एक चुकलेला प्रयत्न धरला जातो. पण टीपीएममध्ये याची सोयही आहे, रिकव्हरी टाइम नावाची वेळ गेली की एक प्रयत्न परत मिळतो. तसंच करा, कायमचं ब्लॉक करण्यापेक्षा थांबायची वेळ वाढवत न्या, आणि बाकी राहिलेली वेळ कायमच्या मेमरीत ठेवा, म्हणजे लाईट बंद-चालू करून कोणी ती वाचवू शकणार नाही. आणि बोर्डावर एक मोठा कपॅसिटर टाका, लिहायचं काम अर्ध्यात राहू नये एवढा, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या युक्तीपेक्षा जास्त कामाचं आहे.

एररच्या अवस्थेत चिप काय काय बोलणार तेही लिहा. टीपीएम फेल्युअर मोडमध्ये गेला की दोनच कमांडला उत्तर देतो, टेस्टचा निकाल काय आणि क्षमता काय. एफआयपीएस १४०-३ या अमेरिकेच्या सरकारी क्रिप्टो स्टँडर्डचंही म्हणणं तेच, एररच्या अवस्थेत क्रिप्टोचं काम बंद, डेटा बाहेर नाही, स्टेटस चालेल. आपल्यालाही व्हर्जन, अवस्था आणि एरर कोड एवढं पुरे. डिबग पोर्ट एरर आली म्हणून उघडायचा नाही, कधीच नाही.

आणि हे मी हात जोडून सांगतो, चिप उत्तर देत नसेल तर फ्लॅशमध्ये ठेवलेली दुसरी चावी वापर, असा पर्याय कोडमध्ये ठेवू नका. टेस्टिंगपुरता म्हणून टाकलेला असतो आणि तसाच फील्डवर जातो. मंग चोराला चिप फोडायची गरजच उरत नाही, तो पीसीबीवरची एसडीएची, म्हणजे चिपच्या डेटाची, रेघ ब्लेडनं कापतो आणि तुमचा डबा स्वतःहून दुसरी चावी काढून देतो.

चिप बंद पडली तर मोटरचं काय? हा प्रश्न चिपचा नाही पण उत्तर याच तक्त्यात पाहिजे. माझं मत, मोबाईलवरून नवीन स्टार्ट बंद, पण चालू असलेली मोटर चिपच्या एररमुळे बंद करायची नाही, ओलीत अर्धवट राहतं. स्टार्टरवरची हिरवी-लाल बटणं चिपला न विचारता चाललीच पाहिजेत. ड्राय रन आणि सिंगल फेजिंगचं संरक्षण वेगळ्या रिलेवर, त्याला या सगळ्याशी देणंघेणं नको.

तक्त्याच्या प्रत्येक ओळीला एक टेस्ट पाहिजे, नाहीतर ती ओळ नुसती इच्छा आहे. पुरवठ्याला मुद्दाम झटके देणारी महागडी ग्लिच मशीन नसली तरी बरंच काही होतं. मोटर वाइंडिंगवाल्याकडून डिमरस्टॅट मागून आणा आणि सप्लाय हळूहळू खाली नेत पाहा, कोणत्या व्होल्टेजला चिप कोणता कोड देते. एका मॉस्फेटनं चिपचा पुरवठा कापायची सोय करा आणि कमांड सुरू झाल्यापासून १ मिलिसेकंद, २ मिलिसेकंद असं सरकवत प्रत्येक जागी कापून पाहा, परत चालू केल्यावर काउंटर, कुलूप आणि चावी तक्त्यात लिहिल्याप्रमाणेच आहेत का. एसडीएची लाइन मधेच ग्राउंडला टेकवा. वाचलेल्या उत्तरातली एक बाइट कोडमधूनच बदला. इंडस्ट्रियल चिप सहसा ८५ डिग्रीपर्यंत चालते, तर मे महिन्यात बंद पेटी उन्हात ठेवून आतलं तापमान मोजा आणि किती जागा उरते ते पाहा. यात लॉक करून ठेवलेल्या चिप वाया जातात, एटीईसीसीचं कॉन्फिग एकदा लॉक केलं की उघडत नाही, म्हणून टेस्टसाठी जास्तीच्या चिप आधीच मागवून ठेवा.

शेवटी शेतकऱ्याला काय दिसणार. एरर कोड नको, कारण नको, पण काय करायचं ते साफ कळलं पाहिजे. "मोटर सध्या मोबाईलवरून चालू होणार नाही. बटणावरून चालवा. सर्व्हिसवाल्याला कळवलं आहे." एवढा एसएमएस, मराठीतच, आणि तो खरोखर सर्व्हिसवाल्यालाही गेला पाहिजे, तक्त्याच्या व्हर्जन नंबरसकट, म्हणजे डबा खोलायच्या आधीच त्याला कळेल की या फर्मवेअरमध्ये त्या कोडचा अर्थ काय ठरवला होता.